टॅरोमधले कप, तलवारी, काठ्या, नाणी: ह्यांचे अर्थ नक्की ठरवले कुणी?

निळीशाई
थोडं पाल्हाळ आहे, सांभाळून घ्या. ऑफिसातली एक मैत्रीण जॉब सोडून गेली, जाताना डेस्क रिकामं करत होती तेव्हा टॅरोचा डेक माझ्या हातात ठेवून म्हणाली, तुला चित्रं आवडतात ना, घे. रायडर-वेटचा आहे, तो नेहमी दिसतो तोच. मी भविष्यबिविष्य बघणाऱ्यातली नाही पण चित्रं बघत बसावीशी वाटतात हे मात्र खरं. घरी आणून डायनिंग टेबलावर पसरले तर नेमका वर आला टेन ऑफ स्वोर्ड्स. माणूस पालथा पडलाय आणि पाठीत मानेपासून कमरेपर्यंत तलवारी. सासूबाई समोरच मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांनी पत्ता उचलून मोजल्या. "दहा खुपसल्यात गं. असलं घरात नको बाई."

मी गुपचूप गोळा करायला लागले तर दहा मिनिटांनी त्याच चष्मा लावून आल्या आणि सगळे पत्ते लावायला घेतले, कारण त्यांचा हातच तसा आहे, पत्ते दिसले की रंग लावायचे. लावून झाल्यावर म्हणतात, "हे आपले पत्तेच आहेत की. चार रंग, एक्का ते दश्शी. फक्त गुलाम आणि राणीच्या मधे हा घोडेस्वार जास्तीचा आलाय. आणि हे बावीस उरलेत ते काय जोकर?"

आता मला पडलेले प्रश्न. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय की वँड्स (काठ्या) म्हणजे अग्नी, कप्स म्हणजे पाणी आणि भावना, स्वोर्ड्स म्हणजे वारा आणि बुद्धी, पेंटॅकल्स (नाणी) म्हणजे पृथ्वी आणि पैसा. हे ठरवलं कुणी? आपल्या बदाम-इस्पिकशी ह्याचं काही नातं आहे का? आणि महाभूतं पाच असताना ह्यांच्याकडे चारच कशी, आकाश कुठे गेलं?

उपमा_नको
आकाश भाड्याने दिलंय. पुढचा प्रश्न.

ताराबाई
निळीशाई, मी बारा वर्षं कार्ड वाचतेय, त्यामुळे माझं उत्तर वाचणाऱ्या बाईचं आहे, इतिहासवाले येतीलच मागून :)

पुस्तिका बाजूला ठेव आणि आधी नुसती चित्रं बघ. चारही रंगांचे राजाराणी काढून ओळीत लाव. वँड्सच्या राजाच्या झग्यावर आणि सिंहासनाच्या पाठीवर पालीसारखा प्राणी दिसेल, तो सॅलॅमँडर, आगीत राहतो अशी तिकडची जुनी समजूत. कप्सच्या राजाच्या गळ्यात मासा लटकतोय आणि त्याचं सिंहासन चक्क समुद्रावर तरंगतंय. स्वोर्ड्सच्या राणीच्या मुकुटावर फुलपाखरं आहेत म्हणजे वारा. पेंटॅकल्सच्या राजाच्या सिंहासनावर बैलांची डोकी. तत्त्व कुठेही लिहून दाखवलेलं नाही, कपड्यांत आणि लाकडावर विणलंय.

मग चार घोडेस्वार बघ. तलवारवाला सुसाट सुटलाय, पुढची झाडंसुद्धा वाऱ्याने वाकलीत. काठीवाल्याचा घोडा दोन पायांवर उभा. कपवाला संथ चालत येतोय जणू कपातलं हिंदकळेल. आणि नाणंवाल्याचा घोडा नुसता उभा, काळा, जाड, हलायचं नाव नाही. माझ्या एका क्लायंटने हा शेवटचा बघून विचारलं होतं, "हे माझे मिस्टर का?"

आकाशतत्त्वाचं म्हणशील तर आम्ही लोक ते बावीस मेजर पत्त्यांना देतो. चार रंग म्हणजे रोजचं जगणं, बावीस म्हणजे त्याच्या वरचं.

सासूबाईंना सांग, टेन ऑफ स्वोर्ड्समधलं आभाळ बघा. वर काळंकुट्ट आहे पण क्षितिजाशी पिवळं फटफटलंय, पाणी एकदम शांत. आणि त्या माणसाचा उजवा हात बघा, बोटं आशीर्वाद देताना असतात तशी. हा डेक बनवून घेणाऱ्या वेटने स्वतःच लिहून ठेवलंय की हा पत्ता म्हणजे मुद्दाम हिंसक मृत्यूचा असं नाही.

आडवाटे
इतिहासवाला आला.

निळीशाई, तुमच्या सासूबाईंनी दहा मिनिटांत जे ओळखलं ते ओळखायला युरोपातल्या गूढवाल्यांना दोनशे वर्षं लागली आणि काहींना अजून जमलेलं नाही. हे पत्तेच आहेत. खेळायचे.

चार रंग युरोपात जन्मलेलेच नाहीत. इजिप्तमधे मामलुक सुलतानांचं राज्य होतं तेव्हा तिथे बावन्न पत्त्यांचा कॅट होता, रंग चार, पेला, नाणं, तलवार आणि पोलोची काठी. तसला एक हाताने रंगवलेला सुंदर कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे, १९३१ मधे लिओ मायर नावाच्या अभ्यासकाच्या नजरेला तो पडला तेव्हा हे कोडं सुटलं. त्यातल्या राजालोकांच्या पत्त्यांवर माणसाचं चित्र नाही, नुसती नक्षी आणि हुद्दा अक्षरात लिहिलेला. हुद्दे तीन, मलिक, नाइब मलिक, सानी नाइब. म्हणजे राजा, नायब राजा आणि दुय्यम नायब. हो, आपल्या नायब तहसीलदारातला नायब तोच! ह्या नायबावरून स्पॅनिश लोक पत्त्यांना आजही नाइपेस म्हणतात, आणि इटलीतल्या जुन्या कागदपत्रांत पत्त्यांचं नाव नाइबी.

१३७० नंतर हे पत्ते युरोपात पोचले आणि पोचल्या पोचल्या बंदी आली, फ्लोरेन्सने १३७७ मधेच खेळावर निर्बंध घातले. म्हणजे लोकांना लगेच चटक लागली असणार. तिकडे पोलो कुणाला माहीत नव्हता, मग ती वाकड्या टोकाची काठी बघून इटालियन म्हणाले हा राजदंड आणि स्पॅनिश म्हणाले हा सोटा. तुमच्या वँड्सचं मूळ हे. अग्नितत्त्व वगैरे राहू द्या, घोड्यावर बसून चेंडू मारायची काठी होती ती.

जास्तीच्या घोडेस्वाराचं म्हणाल तर तो जास्तीचा नाही, आपल्याकडचा गळलाय. मामलुकांचे तिन्ही पुरुष. इटालियनांनी टॅरोत राणी घालून चार केले. फ्रेंचांनी साध्या कॅटमधून स्वार काढला आणि राणी ठेवली, तोच कॅट इंग्लंडमार्गे आपल्याकडे आला. स्पॅनिश कॅटमधे उलटं, स्वार आहे पण राणीच नाही.

मांडवीकाठ
आडवाटे साहेब, नायब वाचून चहा सांडला.

रंगांच्या नावांवरून एक आठवलं. माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, दुपारी जेवण झालं की बल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, पत्ते. ते बदामाला कोपश म्हणायचे, चौकटला ओरुश, इस्पिकला इश्पादश आणि किल्वरला पाउश. लहानपणी वाटायचं असतील काहीतरी नावं. मोठेपणी कळलं की कोपश म्हणजे पेले, ओरुश म्हणजे सोनं, इश्पादश म्हणजे तलवारी आणि पाउश म्हणजे काठ्या!! हातातले पत्ते तेच फ्रेंच छापाचे, वर तीन पानांचं चिन्ह, आणि आजोबा म्हणणार काठी. चित्र बदललं, तोंडातलं नाव तसंच राहिलं. आणि रंगाला पोर्तुगीजमधे नाइपे म्हणतात, म्हणजे तुमचा नायब इथेसुद्धा बसलाय.

आडवाटे
मांडवीकाठ, क्या बात! अगदी हेच इंग्लिशमधे झालंय. पानाचं चित्र असून त्याला क्लब म्हणजे सोटा म्हणतात, आणि स्पेड म्हणजे फावडं नव्हे, इटालियन स्पादे म्हणजे तलवारी. फ्रेंचांनी १४८० च्या आसपास ही चार सोपी चिन्हं काढली, कारण एकदा साचा कापला की लाल-काळ्या रंगात भराभर छापता येतात, राजाराणी सोडून कोरीवकाम नाही. स्वस्त पडलं म्हणून जगभर गेलं.

तर निळीशाई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कप म्हणजे बदाम, नाणी म्हणजे चौकट, तलवारी म्हणजे इस्पिक, काठ्या म्हणजे किल्वर.

निळीशाई
बापरे, रात्री टाकून झोपले आणि सकाळी एवढं. सासूबाईंना नायब तहसीलदाराचं वाचून दाखवलं, त्यांचे वडील तलाठी होते, त्या म्हणाल्या मग तलाठ्याचा पण पत्ता असायला हवा होता.

अर्धाकप
माझा आयडी बघून मला बोलायचा हक्क आहे असं समजतो. मी कुठेतरी वाचलं होतं की चार रंग म्हणजे मध्ययुगीन युरोपातले चार वर्ग, कप म्हणजे चर्चवाले, तलवार म्हणजे सरदार, नाणी म्हणजे व्यापारी, काठी म्हणजे शेतकरी. आपल्या चातुर्वर्ण्यासारखं. हे बरोबर वाटतं की.

आडवाटे
बरोबर वाटतं म्हणूनच टिकलंय. पण रंग जर इजिप्तमधून तयार आले तर त्यात चर्च कुठून येणार? पेला सुलतानाच्या दरबारातला, चर्चच्या वेदीवरचा नाही. नंतर लोकांनी बघून असा अर्थ लावला असेल तर लावला असेल, पण बनवताना ते डोक्यात नव्हतं.

ताराबाई
आडवाटे, तुमचं सगळं मान्य, पण एक सांगा, अर्थ नंतर आले म्हणजे खोटे झाले का? गणपतीला मोदक कधीपासून हे बघून आपण मोदक खातो का?

आडवाटे
मोदकाला मी कधीच नाही म्हणत नाही. माझं भांडण अर्थाशी नाही, "हजारो वर्षांची प्राचीन विद्या" ह्या पाटीशी आहे. मी एका वर्कशॉपला बायकोबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही, तिथे बाईंनी पहिल्या स्लाइडवर पिरॅमिड दाखवला आणि फी आधीच घेतलेली.

पिरॅमिड कुठून आला ऐका. पॅरिसमधे कूर द जेब्लँ नावाचे गृहस्थ एका ठिकाणी टॅरो खेळताना बघतात आणि तिथेच जाहीर करतात की हा इजिप्शियन पुजाऱ्यांचा गुप्त ग्रंथ आहे. हा शोध त्यांनी १७८१ साली आपल्या जाडजूड ग्रंथमालेत छापून टाकला. गंमत म्हणजे तेव्हा इजिप्शियन चित्रलिपी जगात कुणालाही वाचता येत नव्हती, शाम्पोलियॉंने ती उलगडली १८२२ मधे. न वाचता येणाऱ्या लिपीचा दाखला, त्यामुळे खोटं ठरवायला कुणी नाही. पाठोपाठ एतेय्या, खरं आडनाव अलिएत, ते उलटं करून धंद्याचं नाव केलेलं, त्याने टॅरोवरून भविष्य सांगायचं पुस्तक काढलं आणि पुढे खास त्यासाठीचा डेकही.

मग १८५० च्या दशकात एलिफास लेवी, त्याने चार रंग ज्यूंच्या कबाला नावाच्या गूढविद्येशी आणि देवाच्या चार अक्षरी नावाशी जोडले. मग १८८८ मधे लंडनला गोल्डन डॉन ही गुप्त मंडळी निघाली आणि त्यांनी बसून तक्ता पक्का केला, काठी अग्नी, पेला जल, तलवार वायू, नाणं पृथ्वी. नाण्याचं पेंटॅकल झालं तेही ह्या लोकांच्या नादाने, नाण्यावर पाच टोकांचा तारा काढला की ते जादूचं वाटतं. तुमच्या पुस्तिकेतला तक्ता तो हा. वय सव्वाशे वर्षांच्या थोडं पुढे.

आणि महाभूतं चार का, तर ती ग्रीकांची यादी. त्यांच्यातही आकाशासारखं पाचवं होतं पण पत्त्यांचे रंग चारच, मग चारच घेतली. पाच रंग असते तर आकाशालाही जागा मिळाली असती हो.

उपमा_नको
म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं.

ताराबाई
तक्त्यावर आमच्यातही एकमत नाही हं. तलवार भट्टीत बनते म्हणून ती अग्नी आणि काठी झाडाची, वाऱ्यात वाढते म्हणून ती वायू असं मानणारे लोक आहेत, तसे डेकही निघालेत. मी स्वतः वेटचाच क्रम धरते कारण चित्रं त्या क्रमाने काढलीत. फुलपाखरं काढलेला राजा अग्नीचा म्हणून कसा वाचणार.

आणि सगळे वेट वेट करताय, मीही मगाशी केलं, पण चित्रं काढलीत पामेला कोलमन स्मिथने. ती ह्या धाग्यात अजून आलीच नाही म्हणून मी आणते. लंडनमधे १८७८ ला जन्म, लहानपणी काही वर्षं जमैकात, कला शिकली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधे, नाटकांचे पडदे नि वेशभूषा करायची. गोल्डन डॉनमधेच तिची वेटशी ओळख. १९०९ मधे काही महिन्यांत तिने सगळे पत्ते काढले, डिसेंबरमधे ते विल्यम रायडर अँड सन ह्या प्रकाशकाने बाजारात आणले. म्हणून नाव रायडर-वेट. प्रकाशकाचं नाव आहे, संपादकाचं आहे, बाईचं नाही. न्यूयॉर्कच्या फोटोग्राफर स्टीग्लिट्झला तिने पत्रात लिहिलं होतं की मोठं काम संपवलं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. १९५१ ला कॉर्नवॉलमधे गेली तेव्हा देणी फेडायला तिच्या वस्तूंचा लिलाव झाला. आता कितीतरी जण वेट-स्मिथ म्हणतात, मीही म्हणायला पाहिजे, सवय जात नाही. पत्त्याच्या कोपऱ्यात नागमोडी खूण दिसेल, ती तिची सही, पीसीएस ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली.

तिने नक्की काय केलं ते सांगते. आधीच्या बहुतेक सगळ्या डेकमधे एक्का ते दश्शी म्हणजे नुसत्या वस्तू, आपल्याकडे बदाम पंजीवर पाच बदाम असतात तसे पाच पेले. त्यातून काय वाचणार, पाठ करावं लागायचं. पामेलाने चाळीसच्या चाळीस पत्त्यांवर प्रसंग काढले. म्हणून आज तुझ्या सासूबाई न शिकता म्हणू शकतात की असलं घरात नको.

आडवाटे
हे मात्र शंभर टक्के. तिच्या आधी असं फार क्वचित झालंय, सोला बुस्का नावाचा १४९० च्या आसपासचा इटालियन डेक, त्यात रंगांच्या पत्त्यांवरही माणसं आहेत. त्याचे फोटो १९०७ मधे ब्रिटिश म्युझियममधे आले होते आणि तिने ते पाहिले असणार हे उघड आहे, कारण थ्री ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे हृदयात आरपार तीन तलवारी, ते जवळपास तसंच्या तसं तिथलं आहे. पाऊस आणि ढग तिचे. मूळ डेक आता मिलानला ब्रेरा संग्रहालयात आहे.

निळीशाई
तलवारींचा रंग एवढा का वाईट आहे पण? मी ओळीने लावले. तिर्रीला हृदय फाटलं, चव्वीला माणूस थडग्यावर आडवा, अठ्ठीला बाई बांधलेली, नव्वीला बाई रात्री उठून तोंड झाकून बसलीय, दश्शीचं तर आपण बोललोच. सत्तीला तेवढा एक जण चोर पावलांनी पाच तलवारी घेऊन पळतोय आणि तोच काय तो खूष.

ताराबाई
बुद्धी म्हटली की त्रास आलाच :)

चव्वीचा मेलेला नाहीये, चर्चमधला दगडी पुतळा आहे, विश्रांतीचा पत्ता. अठ्ठीतली बाई नीट बघ, पाय मोकळे आहेत, पट्ट्या सैल, समोर तलवार नाही. नव्वीतली माझी सगळ्यात आवडती. रात्री तीनला उठून बसलेल्या कुठल्याही बाईला दाखव, ती म्हणेल ही मीच. पण तिच्या अंगावरची गोधडी बघितलीस का? एका चौकोनात गुलाब, एका चौकोनात राशीचं चिन्ह असं आलटून पालटून. इतका जीव लावून शिवलेली गोधडी अंगावर आहे आणि तिचं लक्ष नाही. मी वाचताना तलवारींबद्दल बोलतच नाही, गोधडीबद्दल बोलते.

पैशाच्या रंगातही बघ. पंजीला दोन भिकारी बर्फातून चाललेत, एकाच्या काखेत कुबड्या आणि गळ्यात घंटा, एक बाई अनवाणी, डोक्यावर चर्चची उजळलेली रंगीत खिडकी आणि दोघांचंही तिकडे लक्ष नाही. लगेच छक्कीला श्रीमंत माणूस दान करतोय, हातात तराजू. तराजू धरून दान! लोक ह्या पत्त्याला औदार्य म्हणतात, मला तो माणूस कधी आवडला नाही. तोलून देणारा पाया पडवून घेतो.

थेम्सकाठचा
वाचनमात्र होतो पण राहवलं नाही. कप्सचा एक्का काढा सगळ्यांनी. ढगातून हात आलाय, तळव्यावर पेला, वरून कबुतर येतंय, पेल्यातून पाण्याच्या धारा खाली कमळांच्या तळ्यात. धारा मोजा. वेटने स्वतःच्या पुस्तकात लिहिलंय की चार धारा आहेत.

निळीशाई
पाच!! दोनदा मोजल्या.

अर्धाकप
माझ्याकडच्या स्वस्तातल्या कॉपीतही पाचच.

थेम्सकाठचा
पाचच आहेत. लोकांनी त्या पाच धारांवर पंचेंद्रियांपासून काय काय अर्थ लावलेत, आणि ज्याने डेक काढून घेतला तो चार म्हणतोय. मला वाटतं एक्क्यादश्शीकडे त्याचं फार लक्षच नव्हतं, त्याचा जीव बावीस मोठ्या पत्त्यांत. म्हणून बाईला मोकळं रान मिळालं आणि म्हणूनच हे पत्ते चांगले झाले. माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

ताराबाई
बारा वर्षांत मोजल्या नव्हत्या. नमस्कार घ्या.

तळकोकण
उशिरा आलो. आमच्याकडे सावंतवाडीत गंजिफा, लोकांना आता फक्त शोभेची वस्तू वाटते, राजवाड्यात चितारी बसून रंगवतात ते बघायला पर्यटक येतात, बॉक्स घेऊन जातात, खेळायचा कुणाच्याच मनात नसतो. माझी आजी खेळायची. गोल पत्ते, दशावतारी म्हणजे दहा रंग, मत्स्य कूर्म वराह असे, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे एकशेवीस पत्ते. हुकूम नसतो. दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरू करणार, रात्री कृष्णाचा.

पण सांगायचं ते वेगळंच. गंजिफात अर्ध्या रंगांत दहा वरचढ आणि अर्ध्या रंगांत उलटं, एक्का वरचढ आणि दहा सगळ्यात खाली. लहानपणी हेच लक्षात राहायचं नाही, दहाचा पत्ता ऐटीत टाकायचो आणि आजी एक्क्याने हात उचलून न्यायची, वर म्हणायची, "रंग बघ आधी, मग आकडा बघ." तुमच्या टॅरोत असं काही असतं का?

आडवाटे
तळकोकण!!! अहो हाच तर सगळ्यात मोठा धागादोरा. टॅरोच्या जुन्या खेळात तलवारी आणि काठ्यांत दहा मोठा, पण कप आणि नाण्यांत उलटं, एक्का मोठा आणि दहा सगळ्यात हलका. गूढवाल्यांच्या पुस्तकात ह्यावर एक ओळ सापडणार नाही कारण ते कधी खेळलेच नाहीत. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट, एरवी तर्कशास्त्रात बुडालेले, त्यांनी १९८० मधे टॅरोच्या खेळावर सहाशे पानांच्या आसपासचा ग्रंथ लिहिला तो हे असलं जमवून. अर्धे रंग सुलटे अर्धे उलटे हा प्रकार गंजिफातही आणि इटलीतही, म्हणजे दोघांच्या मागे कुठेतरी एकच जुना पूर्वेकडचा खेळ. गंजिफा आपल्याकडे मोगलांबरोबर आला, बाबराने १५२७ मधे सिंधला एकाला पत्ते पाठवल्याची त्याच्या आत्मचरित्रात नोंद आहे. आणि जुन्या मोगल गंजिफाच्या आठ रंगांत बघा, शमशेर आहे, सोन्याचं नाणं आहे, चांदीचं नाणं आहे.

म्हणजे निळीशाईच्या डायनिंग टेबलावरच्या तलवारी आणि तळकोकणच्या आजीचे गोल पत्ते लांबचे चुलत भाऊ. ह्यापुढे तो पिरॅमिड किती फिका आहे सांगा.

ल्योंकर
फ्रान्सहून. इथे टॅरो म्हटलं की कुणाच्याही डोक्यात आधी खेळ येतो, भविष्य नंतर. आमच्या लॅबमधे जेवणाच्या सुट्टीत रोज चालतो, मला पहिल्या आठवड्यातच धरून बसवलं होतं. पत्ते अठ्ठ्याहत्तरच पण रंग बदाम-इस्पिकचे, आणि सासूबाईंचा तो जास्तीचा घोडेस्वार इथे आहे. बावीस पत्ते म्हणजे जोकर नव्हे, २१ पत्ते कायमचा हुकूम आणि एक वेडा. हुकूम ठरवायचा नाही, तो छापूनच आलेला! इटलीत सुरुवातीला ह्या पत्त्यांचं नाव होतं त्रिओन्फी, इंग्लिशमधला ट्रंप त्यातूनच आला. वेडा कुणाला मारत नाही आणि मरतही नाही, अडचणीत आलात की तो टाकायचा, "मी नाही त्यातला" म्हणायचं आणि परत उचलून घ्यायचा.

फ्रान्समधे आता उलटा क्रम नाही, पण ऑस्ट्रियात टारोक खेळलो होतो एकदा तिथे लाल रंगांत अजूनही एक्का वर आणि चव्वी खाली. लाल म्हणजे बदाम-चौकट, म्हणजे कप आणि नाणी. आजीला सांगा.

निळीशाई
ल्योंकर, आमच्या डेकवर खेळता येईल का? सासूबाई सकाळपासून विचारतायत हुकूम कुठला, मी काय सांगू.

ल्योंकर
येईल की. चौघं बसा. प्रत्येकी १८, मधे ६ उपडे राहतात, त्याला इथे कुत्रा म्हणतात, का ते विचारू नका. आला तो रंग द्यायलाच लागतो, नसेल तर हुकमाने कापायलाच लागतं, आणि आधी कुणी कापलं असेल तर त्याच्यावरचा हुकूम असल्यास तोच टाकायचा. राजाला साडेचार मार्क, राणीला साडेतीन, स्वाराला अडीच, गुलामाला दीड, वेडा आणि एक नंबर आणि २१ नंबर ह्यांना पण साडेचार. बाकी सगळे अर्धा अर्धा. बोली वगैरे पुढच्या वेळी. एक लक्षात ठेवा, आपल्यासारखा एक्का मोठा नाही, एक्का सगळ्यात लहान. आजीचा नियम घ्यायचा असेल तर कप आणि नाण्यांत उलटं करा, मजा वाढेल.

निळीशाई
खेळलो!! रविवारी जेवणानंतर, मी, नवरा, भाचा आणि सासूबाई. दोन डाव सगळे चुकत होतो, बावीस पत्त्यांवरचे रोमन आकडे वाचता वाचता भांडणं. तिसऱ्या डावाला कप आणि नाणी उलटी केली, तळकोकणच्या आजीसाठी. नवऱ्याने टेन ऑफ कप्स ऐटीत आपटला, वर ते इंद्रधनुष्य आणि सुखी कुटुंबाचं चित्र, त्यावर भाच्याने दुर्री टाकून हात नेला. शेवटून दुसऱ्या हाताला नवऱ्याकडून कप्सचा राजा उतरला, सासूबाईंकडे कप नव्हते, त्यांनी तेरा नंबर टाकला. पांढरा घोडा, वर सांगाडा. मी मुद्दाम नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही, साडेचार मार्क मिळाले ह्यातच खूष.

आणि तो टेन ऑफ स्वोर्ड्स त्यांच्याकडेच आला होता. पहिल्याच हाताला खपवला. मी बघतच राहिले तर म्हणाल्या, "दश्शी ठेवून काय करू, अर्धाच मार्क."

पुढच्या रविवारी नणंद येतेय. पाच जण झालो तर कसे वाटायचे?

ल्योंकर
पंधरा पंधरा. कुत्र्यात तीन.